चार दिवसांचं कृषी प्रदर्शन आणि एकरभर पाचट

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे उत्तर भरकटणार नाही. कृष्णाकाठच्या ऊसपट्ट्यातला तुमचा तालुका. शेतकरी उत्पादक कंपनी आणि बाजार समिती मिळून जानेवारीअखेर चार दिवसांचं कृषी प्रदर्शन भरवताय. यंदा ते 'पर्यावरणपूरक' व्हावं असं संचालकांनी ठरवलंय आणि बैठकीत तीन गोष्टी पुढे आल्यात: येणाऱ्या प्रत्येकाला एक रोप, प्लॅस्टिकमुक्तीची सामुदायिक शपथ आणि उद्घाटनाच्या दिवशी एका तज्ज्ञाचं व्याख्यान. यातून कुणाच्या रानात काही बदलेल का, ही तुमची शंका. पैसे बेताचे आहेत, हेही तुम्ही लिहिलंय.

शंका रास्त आहे. मी गेली २२ वर्षं कृषिविस्ताराचं काम करते आणि त्यातली बरीच वर्षं प्रदर्शनांतल्या प्रात्यक्षिकांची जबाबदारी सांभाळलीय. प्रदर्शनाला आलेला शेतकरी ट्रॅक्टर बघतो, अवजाराला हात लावून बघतो, बियाण्याची पाटी वाचतो, भाव विचारतो. त्याच्या मनात दोनच प्रश्न असतात: हे माझ्या रानात चालेल का, आणि खर्च किती येईल? 'पर्यावरण' नावाच्या वेगळ्या दालनात या दोन्हींचं उत्तर नसतं. तिथं फक्त चित्रं आणि घोषणा असतात, म्हणून माणसं समोरून चालत पुढे जातात. तेव्हा माझा सल्ला असा की वेगळं दालन काढूच नका. तुमच्या तालुक्याचा एकच मोठा प्रश्न निवडा आणि तो बघता येईल, हातात घेता येईल, वहीत हिशेब मांडता येईल अशा रीतीनं दाखवा.

कुठला प्रश्न, हे जागेवर अवलंबून आहे. यवतमाळकडे असतात तर मी फवारणी निवडली असती. २०१७ साली तिथं फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले, त्यामुळे कीटकनाशकाच्या डब्यावरच्या रंगीत त्रिकोणापासून सुरुवात केली असती. लाल त्रिकोण सर्वांत विषारी, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. रोज फवारणी करणाऱ्या कितीतरी माणसांना हा क्रम कुणी सांगितलेलाच नसतो. कोकणात असतात तर नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांनी रुजवलेली, चिखलणी न करता गादीवाफ्यावर भात घेण्याची पद्धत दाखवा म्हटलं असतं. नगर जिल्ह्याच्या दुष्काळी भागात हिवरे बाजारसारखा गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडायला सांगितला असता. तुमच्याकडे ऊस आहे, म्हणून तुमचा विषय पाचट, म्हणजे तोडणीनंतर रानात उरणारा उसाचा वाळका पाला. दुसरा तितकाच मोठा विषय क्षारपड जमिनीचा आहे. पण पाचट आधी घ्या, कारण जानेवारीत तोडणी जोरात असते आणि प्रदर्शनाला आलेल्या माणसाला घरी गेल्यावर आठवड्याभरात निर्णय घ्यायचा असतो: पेटवायचं की ठेवायचं?

पाचट जाळू नका, असं सांगणारे फलक तुमच्या तालुक्यात खूप लागले असतील, तरी माणसं जाळतातच. त्यामागची कारणं आधी मान्य करावी लागतात. पाचट राहिलं की खोडव्याचे, म्हणजे तुटलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा येणाऱ्या पिकाचे, कोंब नीट वर येत नाहीत, पाटाचं पाणी सरीत अडतं, उंदीर-साप वाढतील अशी भीती असते, आंतरमशागतीचं अवजार अडकतं. ही कारणं खरी आहेत. त्यांना उत्तर न देता कर्बवायूवर बोललात तर माणूस मान हलवेल आणि घरी जाऊन काडी ओढेल.

उत्तर तुम्हाला ठाऊक असेल, तरी लिहिते. बुडख्यांवरचं पाचट बाजूला ओढून सरीत दाबायचं आणि बुडखे जमिनीलगत धारदार कोयत्यानं छाटून घ्यायचे. मग कोंब जमिनीखालून जोमानं येतात, पाचटात घुसमटत नाहीत. जमलं तर पाचटाचे तुकडे करणारं कुट्टी यंत्र फिरवायचं. टनभर पाचटावर ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो कुजवणारं जिवाणू संवर्धक टाकायचं, ही रूढ शिफारस. पहिलं पाणी जरा सावकाश पुढे जातं, पण एक-दोन पाण्यांनंतर पाचट बसतं आणि वाट मोकळी होते.

आता हिशेब. इथं बरेच विस्तार कार्यकर्ते चुकतात, मीही कितीतरी वर्षं चुकत होते. हेक्टरी ८ ते १० टन पाचट निघतं, म्हणजे एकरी साधारण साडेतीन-चार टन. त्यात नत्र (नायट्रोजन) अर्ध्या टक्क्याच्या आसपास. चार टनांत २० किलो नत्र, म्हणजे जवळपास एका गोणी युरियाइतकं. आगीत ते बहुतेक सगळं उडून जातं, पालाश (पोटॅश) तेवढं राखेत उरतं. मी हा हिशेब मोठ्या अक्षरांत फळ्यावर लिहायचे. मग एका ठिकाणी पुढच्या रांगेतले एक काका उठले आणि म्हणाले, "ताई, युरियाची गोणी पावणेतीनशेच्या आत मिळते. तेवढ्यासाठी मी चार बाया लावून पाचट ओढत बसू?" त्यांचं गणित बरोबर होतं. अनुदानामुळे युरिया इतका स्वस्त आहे की खताच्या भाषेत पाचटाची किंमत उभीच राहत नाही.

तेव्हापासून मी पाचट खत म्हणून सांगणं सोडलं. आता सांगते ते पाण्याच्या पाळीबद्दल आणि खुरपणीबद्दल. झाकलेल्या सरीतली ओल जास्त दिवस टिकते, म्हणजे पाळी लांबवता येते. रात्रीची वीज, मोटार, पाणी धरायला जाणारा माणूस, हे सगळं त्यात आलं. सरीत ऊन पोचत नाही म्हणून तण कमी उगवतं आणि खुरपणीची मजुरी वाचते. सेंद्रिय कर्ब हळूहळू वाढतो, त्याचा फायदा दुसऱ्या-तिसऱ्या खोडव्याला दिसतो. हा शेवटचा मुद्दा खरा तर सर्वांत मोठा आहे, पण तो शेवटीच सांगायचा. आधी पाणी आणि मजुरी.

आणि हे बोलून दाखवायचं नाही, रानात न्यायचं. बाजार समितीचं आवार म्हणजे सगळं सिमेंट, तिथं पीक उभं करता येणार नाही. बारामतीच्या 'कृषिक' प्रदर्शनासारखी उभ्या पिकांची प्रात्यक्षिकं करायची तर मोठी जमीन लागते आणि एखादी संस्था वर्षभर राबावी लागते. तुम्हाला तेवढं नको. आवारापासून दोन-तीन किलोमीटरच्या आत, नोव्हेंबरच्या सुरुवातीला ज्यांचा ऊस तुटणार आहे असा एक शेतकरी आत्ताच गाठा. त्यांना अर्ध्या रानात पाचट ठेवायला सांगा, उरलेल्या अर्ध्यात ते नेहमी करतात तसं करू द्या. जाळायला मात्र तुम्ही सांगू नका. पाचट गोळा करून बांधावर ओढलं तरी तुलना होते. जानेवारीअखेर त्या खोडव्याला अडीच-तीन महिने झालेले असतील.

ट्रॅक्टर-ट्रॉलीनं पंचवीस-तीस माणसांचा गट न्या. पाणी देऊन दहा-बारा दिवस झालेले असतील, अशा बेतानं पाळी धरा. मग एका माणसाला वाकायला सांगा. पाचटाच्या सरीत हातानं वरचा थर बाजूला केला की खाली काळसर, अर्धवट कुजलेला थर लागतो. त्याच्याखाली माती थंड असते, बोट दुसऱ्या पेरापर्यंत सहज आत जातं, बारीक गोळ्यांसारखी गांडुळांची विष्ठा दिसते. तिथून चार पावलं चालून उघड्या सरीत या आणि तेच बोट टेकवून बघा. मी काही बोलत नाही. माणसं आपसात बोलायला लागतात आणि त्यांचं ते बोलणं माझ्या तासाभराच्या भाषणापेक्षा जास्त काम करतं.

प्रश्नांची उत्तरं त्या शेतकऱ्यालाच देऊ द्या. बुडखे छाटायला किती बाया लागल्या, कुट्टी यंत्रवाल्यानं तासाला किती घेतले, कुठं चुकलं, हे त्यांच्या वहीतून त्यांनीच वाचून दाखवावं. चुकलेलं सांगायला लाजू नका, असं त्यांना आधीच सांगून ठेवा. एका प्रात्यक्षिकात शेतकऱ्यानं सांगितलं की पहिल्या वर्षी त्यांनी बुडखे छाटलेच नाहीत आणि कोंब विरळ आले. त्यानंतर सगळ्यांचा विश्वास बसला, कारण आपल्यालाही नेमकी तीच भीती आहे हे प्रत्येकाला माहीत होतं. बायकांचा गट वेगळा न्या. पाचट ओढणं, छाटणी, खुरपणी ही कामं त्याच करतात आणि त्यांचे प्रश्न पुरुषांच्या गर्दीत विचारले जात नाहीत.

ज्यांना रानात येणं जमणार नाही त्यांच्यासाठी आवारात एक टेबल ठेवा. त्यावर काचेच्या दोन मोठ्या बरण्या, पाण्यानं भरलेल्या. प्रत्येकीच्या तोंडाशी तारेच्या जाळीचा झोळ, असा की त्यात ठेवलेलं ढेकूळ पाण्यात पूर्ण बुडेल. एकाच शेतातली दोन ढेकळं घ्यायची. एक बांधावरचं, हराळीच्या मुळांखालून काढलेलं. दुसरं त्याच बांधाला लागून असलेल्या, वर्षानुवर्षं नांगरलेल्या रानातलं. दोन्ही एकाच वेळी पाण्यात सोडायची. नांगरटीतलं ढेकूळ बहुधा काही मिनिटांत फुटतं, माती झिरमिळत खाली जाते, पाणी गढूळ होतं. बांधावरचं तसंच राहतं, पाणी नितळ. मुळं, बुरशी आणि सेंद्रिय पदार्थ मातीचे कण कसे धरून ठेवतात, हे डोळ्यांनी दिसतं. पहिल्या वळवात आपल्या रानातून गढूळ पाणी का वाहतं आणि विहिरीला पाझर का लागत नाही, याचं निम्मं उत्तर त्या बरणीत असतं.

एकाच शेतातली ढेकळं घेण्याचं कारण असं की लांबच्या शेतातली आणली तर लगेच कुणीतरी म्हणतो, "ती माती वेगळी, आमची वेगळी." आणि ते खरंही असतं. काळ्या चिकण मातीचं ढेकूळ आणि मुरमाड मातीचं ढेकूळ पाण्यात वेगळं वागतं. क्षारपड रानातलं, त्यातही सोडियम वाढलेल्या चोपण रानातलं, तर फुटून पाणी दुधाळ करतं आणि ते कितीतरी वेळ निवळत नाही. तुमच्याकडे तशी रानं आहेत, म्हणून शेवटच्या दिवशी तिसरी बरणी मांडायला हरकत नाही. तिच्याशेजारी सच्छिद्र पाइपांच्या निचऱ्याचा नमुना आणि ठिबकचा हिशेब ठेवा. जास्त पाणी पाजून जमीन कशी जाते, हे समजावून सांगायला मला त्याहून चांगलं साधन आजवर सापडलेलं नाही. लोकांना स्वतःच्या रानातलं ढेकूळ घेऊन यायला सांगा. चार दिवसांत त्या टेबलाभोवती सर्वांत जास्त गर्दी असेल.

आता प्रदर्शनाच्या स्वतःच्या कचऱ्याकडे येते. शेतातल्या बदलापुढे हा प्रश्न लहान आहे, पण त्यावर तुमची पत ठरते. मातीबद्दल बोलणाऱ्या मंडपाच्या मागे पाण्याच्या पाऊचचा ढीग दिसला की पाचटाबद्दलचं तुमचं बोलणंही लोक हलकं घेतात.

शपथेऐवजी स्टॉलच्या करारपत्रात चार ओळी घाला आणि अनामत घ्या. स्टॉल सोडताना जागा स्वच्छ असेल तर अनामत परत. १०० मायक्रॉनपेक्षा पातळ असलेले प्लॅस्टिकचे किंवा पीव्हीसीचे बॅनर १ जुलै २०२२ पासून देशभर बंद आहेत, बऱ्याच स्टॉलवाल्यांना हे माहीत नसतं. करारपत्रातच लिहिलं की मंडपात वाद होत नाही. तुमच्या स्वतःच्या कमानीवर आणि फलकांवर साल घालू नका, कापडावर रंगवून घ्या, पुढच्या वर्षी तीच वापरता येतील.

खाण्यापिण्याच्या जागेवर सगळ्यात जास्त लक्ष द्या, कारण बहुतेक कचरा तिथंच होतो. कागदी कप चांगला असं सगळे समजतात, पण त्याला आतून प्लॅस्टिकचा पातळ थर असतो, तो कुजत नाही. चहा काचेच्या ग्लासात द्या. जेवणाचं काम बचत गटांना द्या आणि त्यांना स्टीलची ताटं भाड्यानं आणून द्या. भांडी घासायला माणसं आणि पाणी लागतं, त्याचे पैसे गटाला वेगळे द्या, नाहीतर दुसऱ्या दिवशी दुपारी ताटं संपतात आणि थर्माकोल येतो. हे माझ्यासमोर घडलंय. पाण्याची टंचाई असेल तर स्टीलचा हट्ट धरू नका, पानांच्या पत्रावळी घ्या. उसाच्या चिपाडाच्या ताटल्याही चालतील, मात्र त्यांवर प्लॅस्टिकचा मुलामा नाही ना हे एक ताटली रात्रभर पाण्यात भिजवून तपासा. पिण्याच्या पाण्याला टाकी, नळ आणि ग्लास पुरतात.

कचऱ्याच्या डब्याशेजारी माणूस नसेल तर ओला-सुका वेगळा होत नाही. कितीही रंगीत डबे ठेवा, माझा अनुभव एकच आहे. कृषी महाविद्यालयातल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलांना दोन-दोन तासांच्या पाळीनं उभं करा. आणि तुमच्याकडे जी सोय आहे ती बाहेर कुणाकडे नसते: बाजार समितीचा वजनकाटा. रोज संध्याकाळी ओला, सुका आणि टाकाऊ असा तीन भागांत कचरा तोला आणि आकडे दारावरच्या फळ्यावर खडूनं लिहा. दुसऱ्या दिवशी लोक तो फळा वाचतात, स्टॉलवालेही वाचतात. तिसऱ्या दिवशी टाकाऊचा आकडा खाली आणायची सगळ्यांनाच ईर्षा येते. ओला कचरा शेजारच्या शेतातल्या खड्ड्यात शेणकाल्यासोबत भरा. पशुप्रदर्शन असेल तर शेण तिथंच मिळेल.

वीज आणि प्रवास थोडक्यात. डिझेल जनरेटरऐवजी महावितरणची तात्पुरती जोडणी घ्या, अर्ज वेळेत करा, जनरेटर फक्त राखीव ठेवा. गावागावांतून गट येणार असतील तर एसटीच्या आगारात प्रासंगिक करारावर गाडी मिळते. एका गाडीनं वीस-पंचवीस मोटारसायकली कमी होतात आणि बायकांनाही येता येतं.

प्रायोजकांचं काय, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण ते विचारायलाच हवं. बेताच्या पैशांत भरणाऱ्या प्रदर्शनाचा मोठा खर्च खत-औषध कंपन्यांकडून येतो. त्यांना बाहेर ठेवा असं मी म्हणणार नाही. शेतकऱ्याला त्यांची माहिती हवी असते आणि ती उघड्यावर मिळालेली बरी. पण अटी घाला. औषधाच्या प्रत्येक नमुन्यासमोर त्रिकोणाचा रंग आणि काढणीपूर्वी किती दिवस थांबायचं ते मोठ्या अक्षरांत असावं. हातमोजे, मास्क, चष्मा विक्रीला ठेवावेत. 'सेंद्रिय' म्हणून विकणाऱ्याकडे प्रमाणपत्र मागा. पिकासाठी विनापरवाना टॉनिक विकणाऱ्याला जागा देऊ नका, तो दुप्पट भाडं देत असला तरी. एका प्रदर्शनात अशा एका विक्रेत्याला जागा मिळाली होती. त्याच्याकडून बाटल्या नेलेली माणसं पुढे वर्षभर आम्हालाच जाब विचारत होती आणि त्यांचं चुकत नव्हतं.

रोपवाटपाबद्दल मला स्पष्ट सांगावंसं वाटतं. जानेवारीअखेर दिलेलं रोप उन्हाळ्याच्या तोंडावर घरी जातं. त्याला चार महिने पाणी घालायचं आहे, घेणाऱ्यानं खड्डा काढलेला नाही, आणि प्रत्येक रोपासोबत एक काळी प्लॅस्टिकची पिशवी जाते. झाडावर माझं मनापासून प्रेम आहे, म्हणूनच ते असं मरू नये असं वाटतं. नावनोंदणी प्रदर्शनात करा, बांधावर कुठलं झाड हवं ते विचारून घ्या, आणि रोपं जूनमध्ये पाऊस लागल्यावर कंपनीच्या गोदामातून द्या. निम्मे लोकच न्यायला येतील, पण त्यांची झाडं जगतील.

तीच नोंदवही पाचटासाठीही वापरा. रान बघून आलेल्या माणसाला एवढंच विचारा: या हंगामात किती गुंठ्यांत करून बघणार, आणि तोडणी कधी? एकरभर करा म्हणू नका, पाच गुंठे म्हणाला तरी लिहून घ्या. तोडणीच्या आठवड्यात त्याला एक फोन जाऊ द्या, कारण ऊसतोडीची टोळी निघून गेल्यावर पुढच्या दोन-तीन दिवसांतच काडी ओढली जाते. कुट्टी यंत्रवाल्याचा नंबर आणि जिवाणू संवर्धक कुठं मिळेल ते त्याच फोनवर सांगा. एप्रिलमध्ये मोजा. किती माणसं आली होती यापेक्षा किती एकर जळायचं वाचलं हा आकडा संचालकांसमोर ठेवा, पुढच्या वर्षी पैसे मागायला तो उपयोगी पडेल.

सगळं एकत्र झेपणार नसेल तर माझा क्रम असा: आधी पाचटाचं रान, मग ढेकळांचं टेबल, मग जेवणाची जागा आणि वजनकाटा, आणि उरलेल्या ताकदीत बाकीचं. व्याख्यान ठेवायचंच असेल तर त्या तज्ज्ञांना रानात न्या आणि तिथं उभं राहून बोलायला सांगा.

वेळेचं म्हणाल तर सप्टेंबर संपत आलाय. या आठवड्यात लवकर तुटणाऱ्या उसाचा शेतकरी नक्की करा, करारपत्राचा मसुदा ऑक्टोबरमध्ये तयार होऊ द्या. आणि ढेकळं जानेवारीपर्यंत थांबवू नका. परतीचा पाऊस संपला की घमेलंभर काढा, शेताचं नाव चिठ्ठीवर लिहून ठेवा आणि सावलीत दोन-तीन आठवडे पूर्ण वाळू द्या. पहिल्या वर्षी मी सकाळी रानातून ओली ढेकळं आणून थेट बरणीत सोडली होती. दोन्ही तशीच राहिली, पाणीही नितळ, आणि समोर साठ माणसं उभी होती. ओल्या ढेकळात हवा कमी असते, ते लगेच फुटत नाही. वाळलेलंच ढेकूळ घ्या आणि आदल्या रात्री एकदा करून बघा.